कादंबरीला लावलेला कौल

मी दुसऱ्यांना वाचून दाखवते. हाच माझा धंदा. असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे काय? वाचायचे पैसे मिळतात?" मिळतात बाई. डोळे गेलेल्या माणसाला विचारून बघा, रोज दुपारी येऊन तास-दोन तास नीट वाचणारी बाई मिळाली की त्याला कसं वाटतं ते.

मी शिकलेली वगैरे काही नाही. गावाला सातवी झाले आणि लग्न होऊन मुंबईला आले. पुढचं सगळं शिक्षण पार्ल्यातल्या लोकांच्या घरात, त्यांच्याच कपाटातल्या पुस्तकांवर. आधी मी पोळ्या करायला जायचे. एका घरातल्या आजींना मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता पेपरातले मथळे वाचायला लावले. मग बातम्या, मग अग्रलेख. एक दिवस म्हणाल्या, "सुनंदा, पोळ्या कोणीही करेल गं. तू वाचायलाच येत जा." त्या घरातून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी, असं करत मी अर्ध्या उपनगराला वाचून दाखवलं.

ह्यात शिकण्यासारखं काय असतं? पुष्कळ असतं. ऐकणाऱ्याचा कुठला कान चांगला ते बघून त्या बाजूला बसायचं. पंख्याने पान उडू नये म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा पर्समध्ये ठेवायचा. पाणी कोमट प्यायचं, गार प्यायलं की चाळिसाव्या पानापर्यंत घसा बसतो. आणि नाटक करायचं नाही. नव्या बायकांना वाटतं, आवाज काढून वाचलं की रंगतं. तसं नसतं. आपण सरळ वाचायचं, रंग ऐकणारा भरतो.

माणसं मात्र एकेक नग भेटली. मुलुंडच्या एका आजींना फक्त खून लागायचे. पहिल्या वीस पानांत कोणी मेलं नाही की म्हणायच्या, "हे परत देऊन टाक, ह्यात नुसती माणसं जेवतायत." बोरिवलीचे एक मास्तर मी वाचायला लागले की झोपायचे आणि थांबले की जागे व्हायचे. "का थांबलीस?" "पाणी पीत होते." "बरं, चालू दे." पुन्हा घोरायला सुरुवात. त्या झोपलेल्या माणसालाही मी कधी एक ओळ गाळून वाचलं नाही.

कारण आमच्या कामात इमान काय ते एवढंच. छापलंय ते वाचायचं. समोरच्याला दिसत नाही. त्याच्यासाठी पुस्तक म्हणजे माझं तोंड, दुसरं काही नाही. घरची मुलं मला दाराशी गाठतात, "मावशी, आज निधनवार्ता वाचू नका हां, बाबांचे मित्र गेलेत." मी सांगते, मग पेपरच लपव बाबा. माझ्या हातात दिलास तर मी वाचणार.

आता मी थकले. घसाही थकला आणि ऐकणारेही एकेक करून गेले. उरलेल्यांना नातवंडं फोन लावून देतात, फोनमधली बाई वाचते. ती बाई खून झाला तरी आणि लग्न लागलं तरी विमानतळावर सूचना दिल्यासारखीच वाचते, पण ती थकत नाही, हे खरं. तर हे सगळं विसरायच्या आत दिघेकाकांची आणि त्या कादंबरीची गोष्ट सांगून टाकते.

दिघेकाका पार्ल्याचेच, पूर्वेचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. काकूंना दिसायचं, पण चार ओळी वाचल्या की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून मी. काकांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली होती. रस्ता रुंद करताना घरं पाडतात ना, त्यांतल्या कोणाला बदली घर द्यायचं आणि कोणाला नाही, ते ठरवायचं टेबल त्यांच्याकडे होतं. शेवटचा शब्द साहेबाचा, पण कागद साहेबापर्यंत जायचा तो ह्यांच्या टेबलावरून.

स्वभावाने देवमाणूस. मी गेले की आधी विचारणार, "चहा घेतलास? उन्हातून आलीस, बस जरा." कोणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. आणि एक त्यांचं वाक्य होतं, ते ऊठसूट यायचं. लिफ्टवाला पगाराचं बोलला, कामवाली सुट्टीचं बोलली, की काका आधी घसा खाकरायचे, मान जरा तिरकी करायचे आणि म्हणायचे, "झाल्यासारखंच आहे." ते ऐकलं की माणूस खूश होऊन जायचा. काय झालं ते कोणी विचारायचं नाही.

मी विचारू शकले असते. कारण मी दिंडोशीला संक्रमण शिबिरात राहते. आमची चाळ पाडली तेव्हा सांगितलं होतं, तात्पुरतं आहे, नवी इमारत झाली की परत या. तेव्हा माझा मुलगा शाळेत होता. आता त्याचा मुलगा शाळेत जातो, आम्ही अजून तात्पुरतेच आहोत. त्या खोलीसाठी मी किती खिडक्यांसमोर उभी राहिले असेन, आणि प्रत्येक खिडकीत असाच एखादा भला माणूस. मी कुठे राहते ते काकूंना ठाऊक होतं, पण काकांच्या घरी मी कधी तो विषय काढला नाही. कामाच्या घरी आपलं रडगाणं न्यायचं नाही.

तर, काकूंच्या भाच्याने एक जाडजूड कादंबरी आणून दिली. परदेशातली, मराठीत केलेली. त्यातल्या माणसाचं नाव एवढं लांब होतं की मी दोनदा अडखळले. काका म्हणाले, "सोड ते. दिवेवाला म्हण." तेवढीच काय ती सूट मी त्या पुस्तकात घेतली, तीही त्यांच्या परवानगीने.

हा दिवेवाला नदीच्या पुलावर रोज दिवा लावायचं काम करतो. एक दिवस त्याला कचेरीतून निरोप येतो, अमुक रात्री दिवा लागला नव्हता, तुमचा गुन्हा नोंदला आहे. हा म्हणतो, मी लावला होता. मग सिद्ध करा. सिद्ध करायचं तर पलीकडच्या काठावरच्या कचेरीचा दाखला पाहिजे. आणि पलीकडची कचेरी म्हणते, ज्याच्यावर गुन्हा आहे त्याला आम्ही दाखला देत नाही. झालं. हा माणूस वर्षानुवर्षं पुलावरून इकडून तिकडे. आणि खिडकीत एक कारकून बसलेला, तो कधी रागावत नाही. पाणी देतो, मुलांची चौकशी करतो आणि परत पाठवतो.

आमची दुपार ह्या पुस्तकावरून नुसती पेटायची. काकू शेंगा सोलत ऐकायच्या. "बावळट आहे मेला! कोणाची तरी ओळख काढायची. एवढ्या गावात एक नगरसेवक नाही?"

"अगं, त्या देशात नगरसेवक नसतील," काका म्हणायचे.

"नसतील तर त्याच्या बापसाने तिथे राहायचं कशाला?"

मला वाटायचं, हे पुस्तक दिवेवाल्याचं आहे. निरपराध माणसाला एवढा चालवला की हळूहळू त्यालाच शंका यायला लागते, खरंच तर लावला नव्हता ना मी दिवा? बायकोला विचारतो, मुलांना विचारतो. पण काकांचा जीव त्या कारकुनात अडकलेला. "त्या बिचाऱ्याचं काय चुकलं सांग? नियम त्याने केला? त्याच्या हातात काय आहे? उलट पाणी देतो, दोन शब्द बरे बोलतो. दुसरा असता तर हाकलून दिलं असतं." कोणी त्यांच्यावरच आरोप केल्यासारखे भांडायचे.

आणि मग माझ्याकडून ते झालं. अर्धं पुस्तक झालं होतं. दिवेवाला भर थंडीत खिडकीशी येतो आणि कारकून त्याला म्हणतो, काळजी करू नका, तुमचं काम जवळजवळ झालंच आहे. छापलेलं होतं तसंच वाचलं मी. शब्द पुस्तकातले, पण आवाज काकांचा आला. आधी घसा खाकरला, मान तिरकी झाली, आणि ते वाक्य त्यांच्या ठेक्यात बाहेर पडलं. वर्षानुवर्षं ज्याच्यासमोर बसून वाचतो त्याचा आवाज आपल्या गळ्यात उतरतो, आमच्या धंद्यात हा धोका असतोच.

काकू टाळी देऊन हसल्या, "अगं बाई! अगदी हे!"

काकाही हसले. मग हसता हसता थांबले. म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, ह्या वेळी सपाट.

"आज इथेच थांबव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायच्या आधीच त्यांनी मला गावडेची गोष्ट सांगितली. गावडे म्हणजे त्यांच्या टेबलावर येणारा एक माणूस. घर रस्त्यात गेलेलं. कुठलातरी एक पुरावा कमी पडत होता आणि तो पुरावा मिळायला आधी बदली घराचा पत्ता लागत होता. गावडे दर महिन्याला यायचा. काका त्याला चहा पाजायचे आणि सांगायचे, झाल्यासारखंच आहे. एकदा तो आला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मग काकांची बदली झाली, मग निवृत्ती.

"मला बरं वाटलं होतं गं, तो यायचा थांबला तेव्हा," काका म्हणाले. "म्हटलं, झालं असेल त्याचं काम वरच्या वर."

"मग शोधू या ना त्यांना," मी म्हटलं. "पत्ता असेल की."

"पत्ता म्हणजे ते पाडलेलं घर."

मी पुस्तक उघडलं.

त्या दिवसापासून घरातली हवा बदलली. काकांचं जेवण निम्म्यावर आलं. काकू सांगायच्या, रात्री उठून बसतात, गावडेशी बोलतात. आणि एका दुपारी काका मला म्हणाले, "सुनंदा, मी ठरवलंय. दिवेवाल्याचं शेवटी काम झालं तर मी समजेन, गावडेचंही झालं. आणि नाही झालं तर नाही."

आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि उजवी पडते की डावी ते बघत बसायचं. काकांनी सरळ कादंबरीलाच कौल लावला. आणि त्यातली गुरवीण मी! मी हसून म्हटलं, "काका, हे पुस्तक कुठल्या तिकडच्या माणसाने लिहिलंय, त्याला गावडे काय माहीत?" पण ते हसले नाहीत.

मी घरी नेऊन शेवट आधीच वाचला. असं मी कधी करत नाही, पण राहवेना. दिवेवाल्याचा दाखला शेवटपर्यंत येत नाही. म्हातारा झालेला तो माणूस एका रात्री पुलावर जातो, जळणारा दिवा स्वतः फुंकून विझवतो, आणि सकाळी कचेरीत जाऊन सांगतो, हो, दिवा लागला नव्हता. गुन्हा खरा ठरतो आणि हेलपाट्यांतून त्याची सुटका होते. कारकून त्याला पाणी देतो.

मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे पडल्या पडल्या ऐकत होते. म्हणाले, "तेणां दिवो इझवल्यान तां बरां केल्यान. झॉप तरी लागली आसतली." आणि कुशीवर वळले. आमच्या खोलीचे हेलपाटे ह्यांनीच जास्त घातलेत.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी काकूंनी मला दाराबाहेर जिन्यातच थांबवलं. "वाचलंस तू पुढचं?"

"हो."

"वाईट आहे ना?"

मी चपला काढायला वाकले.

"अगं, मग बदलून वाच की थोडं. दाखला आला म्हण. त्यांना काय दिसतंय?"

"काकू, तेवढं नका सांगू."

"माझा नवरा जातोय गं हातचा! आणि तुझं काय जातंय, दोन ओळी?"

माझं काय जात होतं ते मला धड सांगता आलं नाही. बोरिवलीच्या झोपलेल्या मास्तरांचं काय सांगणार होते मी त्यांना? आत गेले, चिमटा लावला आणि छापलं होतं ते वाचलं. दिवा विझवला तिथेही एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

काकांनी हात पुढे करून पुस्तकाची कड शोधली. मग म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

"आहे काका."

"नाही. दिवा विझवायला तो काय वेडा आहे? हे तू घातलंस."

"मी कशाला घालीन?"

"तू दिंडोशीला शिबिरात राहतेस. मला माहीत आहे. काकूने सांगितलंय. आमच्यासारख्यांवर तुझा राग असणारच. त्या दिवशी माझा आवाज काढून वाचलंस, तेव्हाच मला कळलं होतं."

त्या घरात मला असं कधी कोणी बोललं नव्हतं. "काका, आईशप्पथ, छापलंय ते वाचलं. काकू, तुम्ही बघा. हे घ्या, वाचून दाखवा ह्यांना."

मी पुस्तक काकूंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि वाचायला लागल्या, "तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक माणूस धावत आला आणि त्याच्या हातात दाखला होता आणि तो म्हणाला की तुमचा दिवा लागला होता आणि सगळ्या गावाने बघितला होता आणि मग सगळ्यांना फार आनंद झाला."

असलं काही त्या पानावर नव्हतं. पान तेच होतं, त्याला लावलेला माझा चिमटा मला बसल्या जागेवरून दिसत होता. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते चार ओळींचं की कशाचं, देव जाणे.

काका माझ्या दिशेला वळले. "आता बोल."

खरं बोलायचं तर काकूंना खोटं पाडायचं, त्यांच्या नवऱ्यासमोर, आणि काकांच्या गावडेला पुन्हा रस्त्यावर आणायचं. ते पुस्तक ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर मी काय सिद्ध करणार? आणि खरं सांगू, त्या क्षणी मलाही शंका आली. त्या दिवशी तो आवाज आपोआप आला होता की माझ्या पोटात साठलेलं काही बाहेर पडलं होतं? मुद्दाम नव्हतं असं मी अजूनही म्हणते. पण तेव्हा मला शपथेवर सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, "हो काका. चुकलं माझं. चष्मा बदलायला झालाय. दोन पानं एकदम उलटली असतील."

काकांचा चेहरा एकदम सैल पडला. "असू दे गं. होतं असं," ते म्हणाले, अगदी प्रेमाने. "अगो, सुनंदाला चहा टाक."

काकू उठून आत गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. तो चहा मी प्यायले. दिवेवाल्याला खिडकीतून पाणी दिलं, ते त्याने पिऊन टाकलं की नाही हे पुस्तकात सांगितलेलं नाही. मला वाटतं, प्यायला असणार. तहान लागतेच माणसाला.

काकांची झोप सुधारली. जेवण सुधारलं. मला त्यांनी काढलं नाही, पण कादंबरी बंद झाली, नुसता पेपर राहिला. मीही मुकाट्याने पेपर वाचायचे. इतकी वर्षं जपलेलं इमान एका दुपारी मी स्वतःच मोडीत काढलं होतं आणि तेही एकही ओळ चुकीची न वाचता.

पुढे एक दिवस काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या. मी हवामानाचा अंदाज वाचत होते. काका मध्येच म्हणाले, "काकूने वाचलं ना त्या दिवशी, त्यात एकही स्वल्पविराम नव्हता."

मी पेपर खाली ठेवला.

"तू वाचतेस तेव्हा वाक्य कुठे वळतं ते कळतं. ती वाचत नव्हती. सांगत होती."

"मग तेव्हा का नाही बोललात काका?"

"तू कबूल केलंस ना." एवढंच म्हणाले, साध्या आवाजात. "समोरच्याने कबूल केलं की प्रकरण मिटतं. मग आणखी खोलात कोणी जात नाही. आमच्याकडे तरी नाही जायचं."

ती माफी नव्हती. कचेरीचं काम कसं चालतं, ते त्यांनी मला समजावून सांगितलं.

मला राहवलं नाही. "आणि गावडे?"

काकांनी हाताने खुर्चीचा दांडा चाचपला. "काम झालेला माणूस एकदा तरी पेढे घेऊन येतो गं. भांडून काम करून घेतलेला सुद्धा येतो, टेबलावर आपटून जातो. आमच्या कचेरीत तशी रीतच होती." मग म्हणाले, "गावडे पेढे घेऊन आला नाही."

म्हणजे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. कौल लावायच्या कितीतरी आधीपासून.

खाली लिफ्टचं दार वाजलं. काकांनी घाईने विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "तुझ्या खोलीचं काय झालं गं, दिंडोशीच्या?"

मी घसा खाकरला नाही की मान तिरकी केली नाही. माझ्याच आवाजात सांगितलं, "झाल्यासारखंच आहे, काका."

काकू पिशवी घेऊन आत आल्या आणि दोघांकडे बघून म्हणाल्या, "काय गं, थांबलीस का?"

"पाणी पीत होते," मी म्हटलं, आणि हवामानाचा अंदाज पहिल्यापासून वाचायला घेतला.